सजावटकाराचे रेखांकन आणि मागणीपत्राचे बळ



घर उभारणे ही एके काळी गवंडी, सुतार आणि घरधनी या तिघांच्या विचाराने होणारी गोष्ट होती. चिऱ्याच्या भिंती किती उंच घ्यायच्या, माजघरात उजेड कोठून आणायचा, देवघराचे तोंड कोणीकडे ठेवायचे, याचा निर्णय अंगणात बसून तोंडी होत असे. त्याचा नकाशा कोठे असलाच तर तो सुताराच्या डोक्यात असे. गेल्या काही दशकांत या तिघांत चौथा माणूस आला. त्याला अंतर्गत सजावटकार म्हणावे किंवा शहरी रिवाजाप्रमाणे इंटिरियर डिझायनर म्हणावे, काम एकच. पणजी, मडगाव, बेळगाव, वडोदरा, इंदूर येथे तर तो आहेच, पण आता खेड्यातील पतसंस्थेची कचेरी, शाळेचे वाचनालय, पंचायतीचे सभागृह आणि पाहुण्यांसाठी खुले केलेले वाडवडिलांचे घर, येथेही त्याला बोलावणे येऊ लागले आहे. अनेकदा हा सजावटकार गावच्याच सुताराचा किंवा शिक्षकाचा मुलगा अथवा मुलगी असते.

सुताराने केलेला पलंग कोणी उचलून नेला तर ती चोरी आहे हे शेंबड्या पोरासही समजते. सजावटकाराची मिळकत मात्र कागदावर असते. त्या कागदाची छायाप्रत काढली तरी मूळ कागद जागच्या जागी राहतो, आणि म्हणूनच काही गेले असे कोणास वाटत नाही. ‘चार रेघा तर मारल्या, त्याचे एवढे पैसे कसले?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. त्या चार रेघांमागे जागेची मोजमापे, उजेडाचा व वाऱ्याचा अभ्यास, लाकडाचे व मजुरीचे हिशेब आणि कित्येक रात्रींचे जागरण असते, हे सांगून पटत नाही. त्या वेळी कायद्याचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या आधाराची पहिली पायरी म्हणजे लेखी मागणीपत्र, ज्यास व्यवहारात वकिलाची नोटीस म्हणतात.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेता येईल. बार्देश तालुक्यात एका घरधन्याने आपल्या जुन्या घराच्या सहा खोल्या पाहुण्यांसाठी सजवावयाच्या ठरविल्या. म्हापशाच्या एका तरुण सजावटकार बाईंशी एक लाख ऐंशी हजार रुपयांचा मेहनताना तीन हप्त्यांत देण्याचे ठरले. साठ हजारांचा पहिला हप्ता मिळाला. बाईंनी बावीस पत्रके भरून रेखांकने दिली. त्यानंतर घरधन्याने ‘आराखडा मनास आला नाही’ असे सांगून फोन घेणे बंद केले. चार महिन्यांनी बाई त्या रस्त्याने गेल्या, तेव्हा त्यांच्याच रेखांकनांप्रमाणे सुतारकाम चाललेले दिसले. फक्त पत्रकांच्या कोपऱ्यातील त्यांचे नाव कापून टाकलेले होते. पुढे असेही कळले, की त्या कामाच्या ठेकेदाराने तीच रेखांकने सिंधुदुर्गातील दुसऱ्या एका घरासाठी काढून ठेवली आहेत आणि पहिल्या घराची छायाचित्रे स्वतःच्या जाहिरातीत ‘आमची संकल्पना’ म्हणून छापली आहेत.

अशा वेळी मनुष्य रागाने पेटून उठतो, आणि रागाच्या भरात जे पत्र लिहिले जाते ते बहुधा निरुपयोगी असते. कारण त्यात सर्व तक्रारी एकत्र कालविलेल्या असतात. वस्तुतः येथे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिला पैशांचा, दुसरा रेखांकनांवरील हक्काचा आणि तिसरा नावाचा. तिन्हींचे कायदे वेगळे, आणि ज्यांच्याकडून मागावयाचे ती माणसेही वेगळी.

पैशांचा प्रश्न सर्वांत जुना व सर्वांत सोपा. करार लेखी असेल तर उत्तमच. पण लेखी करार नाही म्हणून सजावटकाराचे हात बांधले गेले असे होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७० व्या कलमात असे तत्त्व आहे, की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे. आराखडा आवडला नाही म्हणणाऱ्या घरधन्याने त्याच आराखड्याप्रमाणे कपाटे करून घेतली असतील, तर त्याचे म्हणणे ती कपाटेच खोडून काढतात.

हक्काचा प्रश्न थोडा नाजूक आहे. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा, म्हणजे ज्याला सर्वत्र कॉपीराइटचा कायदा म्हणतात, तो केवळ कथा-कवितांसाठी आहे असा एक समज रूढ आहे. त्या कायद्यात ‘कलाकृती’ या शब्दात चित्र, शिल्प, छायाचित्र यांच्याबरोबर रेखांकनाचाही समावेश केलेला आहे आणि रेखांकनात नकाशा व आराखडा येतो. त्याच्या अंगी कलागुण किती, हे पाहिले जात नाही. शिवाय १४ व्या कलमानुसार, कागदावरील सपाट कृतीवरून प्रत्यक्ष घनाकार वस्तू तयार करणे हीदेखील त्या कृतीची नक्कलच मानली जाते. म्हणजे छायाप्रत न काढता केवळ कागद समोर ठेवून तशीच भिंत, तशीच कोनाड्यांची मांडणी करणेही हक्काच्या आड येऊ शकते. हा हक्क निर्माण होण्यासाठी कोणत्याही कचेरीत नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी केली तर ती पुराव्यास उपयोगी पडते इतकेच. कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो.

आता, पैसे घरधन्याने दिले म्हणजे रेखांकने त्याच्या मालकीची झाली, असे पुष्कळांना वाटते. कागद त्याचा झाला, हे खरे. हक्काविषयी मात्र १७ वे कलम सांगते, की पहिला मालक स्वतः कर्ता होय. पैसे देऊन काढवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र इत्यादी काही प्रकारांत हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो. आराखड्याचा समावेश त्या यादीत नाही. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर १९ व्या कलमाप्रमाणे ते लेखी व सहीनिशी असावे लागते. याची दुसरी बाजूही तरुणांनी ध्यानात ठेवावी. जो सजावटकार एखाद्या कचेरीत पगारावर नोकर आहे, त्याने नोकरीच्या ओघात काढलेल्या रेखांकनांचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, त्याचा मालक ठरतो. नोकरी सोडताना रेखांकनांचे गठ्ठे घरी घेऊन जाणाऱ्यांवर उलट नोटीस आल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

तथापि या हक्काला कुंपण आहे. कल्पनेवर कोणाचीही मालकी नसते. ती ज्या विशिष्ट रूपात मांडली त्या रूपावर असते. आर. जी. आनंद यांच्या नाटकाविषयीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बल्कांवात बसण्याचे सोपे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, देवळांच्या भिंतींवरचे तांबडे-पांढरे कावी काम, चिऱ्याची उघडी भिंत, हा साऱ्या कोंकणपट्टीचा ठेवा आहे. ‘माझ्या आराखड्यात कावीची नक्षी होती, तुमच्या घरातही आहे, तस्मात तुम्ही चोर’ असे पत्र लिहिणाराच हास्यास्पद ठरेल. मात्र त्या खिडक्या, ती नक्षी आणि ते सोपे एका ठराविक मापाने, एका ठराविक रचनेने मांडलेली बावीस पत्रके जशीच्या तशी उचलली गेली, तर गोष्ट निराळी.

उदाहरणातील घरधन्याने पहिल्या घरात रेखांकने वापरली, हा प्रकार कोणत्या सदरात बसतो? ज्या घरासाठी रेखांकने दिली, त्या घरात ती वापरण्याची संमती व्यवहारात बहुधा गृहीत धरली जाते. मेहनताना पूर्ण चुकता होईपर्यंत वापराची परवानगी नाही, असे करारात एक वाक्य लिहिलेले असेल तर बाईंची बाजू भक्कम होते. ते वाक्य नसेल तर पहिल्या घरापुरता वाद मुख्यतः पैशांचा राहतो. त्या एका वाक्याचे मोल पुढे लिहिल्या जाणाऱ्या दहा नोटिशींहून अधिक आहे. सिंधुदुर्गातील दुसऱ्या घराची गोष्ट मात्र उघड उघड हक्कभंगाची आहे. तेथे कोणाचीही संमती गृहीत धरता येत नाही.

म्हणून येथे दोन पत्रे लिहिली पाहिजेत: घरधन्यास पैशांचे आणि ठेकेदारास हक्काचे व नावाचे.

पत्राला हात घालण्यापूर्वी पुरावा गोळा करावा. रेखांकनांच्या मूळ प्रती, त्यांवरील तारखा, ती पाठविल्याचे ईमेल, पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद, फोनवरील संदेश, चालू कामाची छायाचित्रे आणि ठेकेदाराच्या जाहिरातीची प्रत, हे सर्व तारीखवार लावून ठेवावे. फोनवरील संदेशांची कागदी प्रत तेवढी पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलला आणि जुना विकून टाकला, की अर्धा दावा तेथेच विकला गेला असे समजावे.

घरधन्यास लिहावयाच्या पत्रात पाल्हाळ नसावा. कोणते काम, केव्हा ठरले, किती मेहनताना ठरला, किती मिळाला, रेखांकने कोणत्या दिवशी दिली, ती वापरली जात असल्याचे केव्हा दिसले आणि बाकी किती, एवढेच क्रमाने यावे. नमुन्यादाखल वकिली भाषेतील एक परिच्छेद असा होऊ शकेल:

‘आमच्या अशिलांनी आपल्या घरासाठी तयार करून दिलेल्या बावीस रेखांकनांचा आपण प्रत्यक्ष वापर केला असून ठरलेल्या मेहनतान्यापैकी रुपये १,२०,०००/- आपणांकडून येणे आहेत. सदर रक्कम ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत चुकती करावी. न केल्यास नोटिशीच्या तारखेपासून रक्कम फिटेपर्यंत सदर रकमेवर व्याज आकारले जाईल, आणि वसुलीसाठी योग्य त्या न्यायालयात दावा दाखल केला जाईल. त्याच्या खर्चाची व परिणामांची सर्व जबाबदारी आपणांवर राहील.’

यातील व्याजाचे वाक्य केवळ धाक घालण्यासाठी नाही. १९७८ च्या व्याज कायद्यात अशी तरतूद आहे, की येणे रक्कम एखाद्या दस्तऐवजाने ठराविक तारखेस देय ठरलेली नसेल, तर लेखी नोटिशीत व्याज मागण्याविषयी जी तारीख दिली असेल त्या तारखेपासून न्यायालय व्याज देववू शकते. नोटिशीत व्याजाचा उल्लेखच केला नाही, तर दावा लावीपर्यंतच्या काळाचे व्याज हातचे जाण्याचा संभव असतो. एका वाक्याच्या आळसाने होणारे हे नुकसान मोठ्या शहरांतील अनुभवी लोकांचेही होताना दिसते.

पंधरा दिवसांची मुदत ही रूढी आहे. सर्वसाधारण मागणीपत्रासाठी कायद्याने अमुकच दिवस ठरवून दिलेले नाहीत. तसेच पत्र वकिलानेच लिहावे असाही नियम नाही. पहिले पत्र सजावटकाराने स्वतःच्या सहीने व सौम्य शब्दांत लिहावे, त्यास उत्तर न आल्यास वकिलाकडे जावे, हा क्रम खेड्यापाड्यांत अधिक फलदायी ठरतो, कारण तेथे माणसांना एकमेकांची तोंडे रोज पाहावयाची असतात. भाषेविषयीही सांगणे अगत्याचे आहे. नोटीस इंग्रजीतच असावी असा दंडक कोठेही नाही. बेळगावच्या मराठी व्यापाऱ्यास किंवा डिचोलीच्या ठेकेदारास समजेल अशा मराठीत लिहिलेली नोटीस तो स्वतः वाचतो. इंग्रजी नोटीस तो पेटीत ठेवतो आणि वकील भेटेपर्यंत पंधरवडा उलटून जातो.

पत्र पाठवावे ते पोचल्याचा पुरावा राहील अशाच मार्गाने. पूर्वी यासाठी नोंदणीकृत टपाल व पोचपावती हा राजमार्ग होता. २०२५ साली डाकखात्याने ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. योग्य पत्ता लिहून, टपालहशील भरून पाठविलेले पत्र पोचले असे गृहीत धरण्याचे तत्त्व १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात आहे. त्यामुळे टपालवाल्यास पाहून दार लावून घेणारे किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून घेणारे लोक आपली सुटका झाली असे समजतात ते व्यर्थ होय.

दुसरे पत्र ठेकेदारास. त्यात पैशांपेक्षा कृतीची मागणी मोठी असते. रेखांकनांचा वापर दुसऱ्या घरासाठी करू नये, जवळच्या प्रती परत कराव्यात, जाहिरातीतील ‘आमची संकल्पना’ हे शब्द काढून टाकावेत अथवा मूळ सजावटकाराचे नाव द्यावे, आतापर्यंत मिळविलेल्या लाभाचा हिशेब द्यावा, आणि यापुढे असे होणार नाही अशी लेखी हमी द्यावी, अशा त्या मागण्या होत. नावाच्या मागणीस ५७ व्या कलमाचा आधार आहे. या कलमाप्रमाणे कृती आपली आहे असे म्हणण्याचा, आणि आपल्या नावास बट्टा लागेल अशा रीतीने तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क कर्त्यास असतो. स्वामित्वहक्क लेखी विकून टाकला तरीही हा हक्क त्याच्याजवळ राहतो.

या कलमाची गाजलेली कहाणी शिल्पकार अमरनाथ सहगल यांची आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भिंतीवर त्यांनी ब्राँझचे भव्य शिल्प घडविले होते. १९७९ साली दुरुस्तीच्या निमित्ताने ते काढून कोठारात टाकण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. सहगलांनी शासनाकडे केलेली निवेदने निष्फळ ठरली. अखेर ते न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला. भिंतीवरचे शिल्प हा इमारतीच्या अंतर्भागाचाच भाग होता. म्हणून सजावटकारांच्या दृष्टीने या निवाड्याचे महत्त्व विशेष आहे.

त्यावरून मालकाने आपल्या घराची सजावट कधी बदलूच नये असा अर्थ काढणे मात्र चूक होईल. दिल्लीच्या प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स ही १९७२ सालची इमारत २०१७ मध्ये पाडण्यात आली, तेव्हा तिचे वास्तुशिल्पी राज रेवाल यांनी याच कलमाखाली दाद मागितली. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. आपली जमीन व इमारत यांचे काय करावयाचे हा मालकाचा हक्क आहे, आणि संपूर्ण पाडलेल्या वास्तूमुळे कर्त्याच्या नावास कमीपणा येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. तेव्हा घरधन्याने दहा वर्षांनी भिंतीचा रंग बदलला म्हणून त्यास नोटीस पाठविण्याचा मोह सजावटकाराने आवरावा.

मर्यादांचा उल्लेख निघालाच आहे तर आणखी काही सांगितल्या पाहिजेत, कारण मागणीपत्रे बहुतेक येथेच फसतात. स्वामित्वहक्क कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे, हक्कभंग करणाऱ्या इमारतीचे वा अन्य संरचनेचे बांधकाम एकदा सुरू झाले, की ते थांबविण्याचा मनाई हुकूम मिळत नाही अथवा ते पाडण्याचा आदेशही मिळत नाही. नुकसानभरपाई मागता येते. म्हणून सिंधुदुर्गातील घराची वार्ता कळताच पत्र त्याच आठवड्यात गेले पाहिजे. काम पुरे होण्याची वाट पाहून मग पुरावा भक्कम करू, हा हिशेब येथे उलटा पडतो.

दुसरी मर्यादा लाकूडसामानाची. सजावटकाराने एका हॉटेलासाठी खुर्चीचा नवा घाट काढला आणि ती खुर्ची साठ खोल्यांत ठेवण्यासाठी त्याच्या परवानगीने कारखान्यात तयार झाली, तर काय होते? ज्या घाटाची ‘डिझाइन’ म्हणून नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, त्याची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासापेक्षा अधिक वेळा तयार झाली की त्यावरील स्वामित्वहक्क संपतो, असे १५ वे कलम म्हणते. एकावन्नाव्या खुर्चीनंतर मागणीपत्रात जोर राहत नाही. अशा वस्तूची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली, ती लोकांसमोर येण्यापूर्वीच करावी लागते; तिचे संरक्षण दहा वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे मिळते. कलाकृती कोठे संपते आणि औद्योगिक घाट कोठे सुरू होतो याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एका निवाड्यात मांडली. तो वाद वडोदऱ्याच्या वाणिज्य न्यायालयातून वर गेलेला होता आणि त्याचा विषय वायुवाहक टाक्यांची तांत्रिक रेखांकने हा होता. पण त्याची झळ फर्निचरवाल्यांनाही लागते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची, आणि ती पत्र लिहिणाऱ्यावरच उलटणारी आहे. ६० व्या कलमाप्रमाणे, स्वामित्वहक्काचा मालक म्हणविणाऱ्याने परिपत्रकाने, जाहिरातीने किंवा अन्य प्रकारे कोणास दाव्याची धमकी दिली, आणि प्रत्यक्षात हक्कभंग झालेलाच नसेल, तर धमकी मिळालेला मनुष्य स्वतः न्यायालयात जाऊन तसे जाहीर करवून घेऊ शकतो, पुढील धमक्यांस मनाई मिळवू शकतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागू शकतो. पत्र लिहिणाऱ्याने योग्य तत्परतेने खरोखरच दावा लावला व चालविला, तर हे कलम त्यास लागू होत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा, की जो दावा लावण्याची तयारी नाही त्याची भाषा पत्रात वापरू नये. ठेकेदाराच्या सर्व गिऱ्हाइकांस नोटिशीच्या प्रती वाटणे, बाजारात फलक लावणे, फौजदारीची भीती घालून पैसे उकळू पाहणे, या गोष्टी सजावटकाराची बाजू दुबळी करतात. आणखी एक सावधगिरी. अंतर्गत सजावटकारांसाठी देशात वैधानिक परिषद नाही, आणि ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या कायद्याने नोंदणीकृत वास्तुशिल्पींपुरती राखून ठेवलेली आहे. नोंदणी नसताना पत्राच्या माथ्यावर तो शब्द छापणाऱ्याची दुसऱ्यास कायदा शिकविताना स्वतःचीच पंचाईत होते.

घरधन्याने पत्र मिळताच साठ हजारांचा चेक पाठविला आणि तो न वटता परत आला, तर मात्र नोटिशीचे स्वरूप बदलते. येथे दिवस कायद्याने मोजून दिलेले आहेत. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे देण्याची संधी असते. ती टळल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद करावयाची असते. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची हवी. रकमेत फरक पडला तर नोटीसच अवैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली पुन्हा बजावले आहे. म्हणजे याच नोटिशीत उरलेले साठ हजारही एकूण आकड्यात मिळवून मागण्याची चतुराई करू नये.

सजावटकाराने सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल तर आणखी एक दार उघडे असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे हॉटेल किंवा कंपनीने अशा सेवेचे पैसे देण्याची मुदत करारानेही पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. ही नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली असणे हिताचे.

पत्रे पाठवीत बसण्यालाही सीमा आहे. कामाच्या पैशांसाठी आणि हक्कभंगाच्या भरपाईसाठी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे, आणि आपण नोटीस पाठविली म्हणून ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी समोरच्याने सहीनिशी देणे कबूल केले, तरच तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणूनच घरधन्याने उत्तरात ‘दिवाळीनंतर उरलेले देतो’ असे सहीनिशी लिहिले असेल, तर तो कागद जपून ठेवावा. तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या वाणिज्य वादात, तातडीचा मनाई हुकूम मागावयाचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अवलंबणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हे निश्चित केले. हक्कभंगाच्या दाव्यात वादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात जाण्याची सवलत ६२ व्या कलमाने दिलेली आहे. उदाहरणातील म्हापशाच्या बाईंना सिंधुदुर्गातील घरासाठी ओरोसची वारी करावी लागू नये यासाठी तिचा उपयोग होतो.

आता ज्याच्या हाती अशी नोटीस पडते त्याचा विचार. गावचा सुतार ठेकेदाराने दिलेल्या कागदावरून काम करतो. कागद कोणाचा हे त्यास ठाऊक नसते. नोटीस आल्यावर घाबरून ती फाडून टाकणे जितके वाईट, तितकेच समोर ठेवलेल्या हमीपत्रावर न वाचता अंगठा उठविणे वाईट. कागद कोणी दिला, केव्हा दिला, मजुरी कोणी दिली, हे खरे खरे लिहून मुदतीत उत्तर द्यावे. बोलणी करावयाची असल्यास ‘हक्कास बाध न आणता’ हे शब्द पत्राच्या माथ्यावर लिहावेत. गावच्या शिक्षकाने असे उत्तर लिहून देण्यास मदत केली, तर एखाद्या गरीब कारागिराची वर्षाची कमाई वाचू शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता ही मदत दिलेली आहे.

घरधनी म्हणून सरकारच उभे असेल तर काय, हा प्रश्न अधिकाऱ्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे. एखाद्या खात्याने विश्रामगृहाची वा वाचनालयाची सजावट करवून घेतली, बिल टेबलाटेबलांवर फिरत राहिले आणि तीच रेखांकने दुसऱ्या तालुक्यातील इमारतीस वापरली गेली, अशी कल्पना करावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाप्रमाणे शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते; फार तातडी असल्यास न्यायालयाच्या परवानगीने त्यातून सूट मिळते. राज्य शासनासाठी ही नोटीस सचिवाच्या कचेरीत किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. तीत वादीचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागितलेली दाद यांचा उल्लेख आवश्यक आहे. साध्या मागणीपत्राहून तिचा एक विशेष असा, की नोटिशीचा हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो.

ही दोन महिन्यांची सवलत शासनास दिली आहे ती प्रकरण तपासून न्याय्य मागणी कोर्टाबाहेर मिटविण्यासाठी. प्रत्यक्षात अशा नोटिशींना उत्तरच जात नाही किंवा गोलमाल उत्तर जाते, याची गंभीर दखल सर्वोच्च न्यायालयाने सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली घेतली. प्रत्येक शासनाने उत्तराची जबाबदारी असलेला अधिकारी नेमावा, आणि उत्तर न दिल्यास वा टाळाटाळीचे दिल्यास न्यायालयाने सामान्यतः शासनावर जबर खर्च बसवावा व संबंधित अधिकाऱ्यावर योग्य कारवाईचा आदेश द्यावा, असे त्या निर्णयात म्हटले आहे. म्हणून आवक-जावक टेबलावरील कारकुनाने अशी नोटीस इतर टपालात मिसळू न देता तीवर त्याच दिवशी शिक्का व आवक क्रमांक घालावा आणि ती थेट विधी शाखेकडे न्यावी. दोन महिने मोजले जातात ते नोटीस कचेरीत पोचल्यापासून. साहेबांच्या टेबलावर फाइल केव्हा आली हे कोणी विचारीत नाही.